या दोन कुंड्या कोणत्या? गॅलरीत कशा न्यायच्या?

मातीगंध: फेब्रुवारी चालू आहे, पुण्यात दक्षिणेकडची गॅलरी आहे, ऊन सकाळी 10 ते 4. घरातल्या दोन कुंड्या बाहेर न्यायच्या आहेत. पहिलीची पानं जाड, मांसल, कडा कातरलेल्या. वर चार पाकळ्यांच्या बारीक केशरी फुलांचे झुपके. दुसरीला लाल, मेणासारखं चकचकीत, बदामाच्या आकाराचं फूल आणि त्यातून निघालेली पिवळी दांडी. नावं सांगाल का?

गच्चीवाला: पहिली कलांचो, दुसरी अँथुरियम. तुम्ही ज्याला फूल म्हणताय ते खरं तर रंगीत पान आहे; फुलं त्या दांडीवर असतात, अगदी बारीक.

कलांचोला ऊन आवडतं, पण सवय लावून. पहिले चार दिवस गॅलरीत भिंतीच्या सावलीत. मग सकाळचं तासभर ऊन, दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास वाढवा. घरातली पानं मंद उजेडात वाढलेली असतात, एकदम उन्हात ठेवली की पांढरट-तपकिरी चट्टे पडतात. ते पुन्हा हिरवे होत नाहीत. खालची पानं पिवळी, पिचपिचीत झाली तर मात्र ते ऊन नव्हे, पाणी जास्त झालंय. माती दोन इंच खोल कोरडी लागली तरच पाणी घाला.

हिरवी ओंजळ: अँथुरियमला थेट ऊन नकोच. 75 टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा किंवा कुंडी आतल्या बाजूला सरकवा. आत्ता सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने ऊन गॅलरीत खोलवर येतं; मेच्या मध्यावर तो पुण्यात भर दुपारी डोक्यावर असतो आणि वर छत असेल तर ऊन आत येतच नाही. म्हणजे जाळीची खरी गरज आत्ताच आहे. उन्हाळ्यात त्रास होईल तो कोरड्या गरम वाऱ्याचा.

शोभेच्या बाहेरच्या कुंडीला खाली भोक आहे का, ते आधी बघा. नसेल तर पाणी साचून मुळं कुजतात.

मातीगंध: धन्यवाद. कलांचोच्या पानांखाली कापसासारखं पांढरं काहीतरी दिसतंय.

गच्चीवाला: पिठ्या ढेकूण. ती कुंडी वेगळी ठेवा, नाहीतर अँथुरियमवर जाईल. ओल्या कापसाने पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. आठवड्याने पुन्हा, असं तीनदा.

हिरवी ओंजळ: घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर दोन्ही कुंड्या उंचावर ठेवा, दोन्ही झाडं विषारी आहेत. आणि पुढच्या हिवाळ्यात कलांचो फुलायला हवा असेल तर गॅलरीतला दिवा रात्री बंद ठेवा. सलग लांब अंधार मिळाल्याशिवाय तो कळ्या धरत नाही.