शार्कवर काम करायचंय: पैसे भरून परदेशात इंटर्नशिप करावी का?

विहिरीतली_पोहणारी:
नमस्कार. मी कोल्हापूरची, बी.एस्सी. झूलॉजी, दुसरं वर्ष. समुद्र म्हणजे वर्षातून एकदा गणपतीपुळे, एवढाच संबंध. पण शार्कवर काम करायचं हे डोक्यात पक्कं बसलंय. दक्षिण आफ्रिकेत मोसेल बेला चार आठवड्यांच्या इंटर्नशिपची जाहिरात बघितली. फी, विमान, व्हिसा सगळं धरून अडीच लाखांच्या वर जातंय. पप्पा म्हणाले, कर्ज काढू, पण आधी माहीतगार माणसाला विचार. आमच्या कॉलेजात असं कुणीच नाही, म्हणून इथे विचारतेय. आपल्याकडे असं काही मिळतं का? आणि डायव्हिंग आलंच पाहिजे का? पोहायला मी विहिरीत शिकलेय.

भाऊचा_धक्का:
अडीच लाख देऊन चार आठवडे? आमच्यात याला सहल म्हणतात.

मोरीमटण:
पप्पांना सांग, कर्जाचं तूर्त राहू दे.

मी मालवणची. एम.एस्सी.चा प्रबंध मुशीवर, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या शार्कवर, केला, आता बंदरावर नमुने घ्यायचं काम करते. आपल्याकडे शार्कचा अभ्यास पाण्यात कमी आणि बंदरावर जास्त चालतो. सर्वात जास्त शार्क पकडणाऱ्या देशांत भारत वरच्या नंबरात आहे, त्यामुळे मासा पाटीत बसून तुझ्यापर्यंत येतो. ससून डॉक, भाऊचा धक्का, सातपाटी, मिरकरवाडा, आमचं मालवण, कुठेही जा. नेहमी दिसते ती छोटी मुशी, स्कोलिओडॉन लॅटिकॉडस.

काम असं. पहाटे बोट लागली की तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारायचं आणि लिलाव सुरू व्हायच्या आत जेवढं मोजता येईल तेवढं मोजायचं. टेप नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. नर असेल तर पोटाखाली दोन क्लास्पर, म्हणजे नराचे जननावयव, असतात, ते चिमटीत धरून बघायचे: मऊ लागले तर पोरगा, कडक लागले तर वयात आलेला. वहीत पेन्सिलनेच लिहायचं, शाई पाण्याने जाते. मादी गाभण वाटली तर कापणाऱ्या मावशीला आधीच सांगून ठेवायचं, ती पोट फाडून पिल्लं बाजूला काढून देते. ही मुशी अंडी घालत नाही. पिल्लं पोटातच नाळेवर वाढतात, आणि त्यांची सुरुवात होते जेमतेम मिलिमीटरभर अंड्यातून. मी पहिल्यांदा ती नाळ बोटावर धरून बघत बसले, तर मावशी खेकसली, "बगतस काय गो, गिरायक उभा आसा!"

आता तारखा, कारण इथेच पोरं फसतात. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. तुमची परीक्षा मेमध्ये संपते आणि जूनची इंटर्नशिप मागत सगळे मेल करत सुटतात. तेव्हा बंदरावर शाकारलेल्या बोटी आणि भटकी कुत्री. दिवाळीची सुट्टी धर, नाहीतर जानेवारीनंतर बघ.

कुठे विचारायचं? सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं मुंबईचं केंद्र, वर्सोव्याचं सीआयएफई म्हणजे मत्स्य शिक्षण संस्था, गोव्यात दोनापावलाचं एनआयओ म्हणजे समुद्रविज्ञान संस्था. अंदमान-लक्षद्वीपमध्ये दक्षिण फाउंडेशनसारख्या संस्था आहेत. गुजरातेत वेरावळला देवमुशीवर, म्हणजे व्हेल शार्कवर, वाइल्डलाइफ ट्रस्टचं काम २००४ पासून चालू आहे. जाहिरातीची वाट बघत बसू नकोस. ज्यांचा पेपर वाचलास त्यांनाच अर्ध्या पानाचा मेल टाक. "मला लहानपणापासून समुद्राची ओढ" हे वाक्य त्यात नको, ते सगळ्यांच्या मेलमध्ये असतं. एक्सेल येतं का, पहाटे उठशील का, किती आठवडे देशील, एवढं पुरे. पैसे बहुतेक मिळणार नाहीत, मिळाले तर राहण्याजेवणापुरते.

आणि आठवण म्हणून घरी काही आणायचं नाही. शार्कचा सुकवलेला पर नाही, सॉफिशची, म्हणजे करवतीसारखं लांब तोंड असलेल्या माशाची, करवत तर नाहीच. व्हेल शार्क आणि सॉफिश २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत, आहेत, २०२२ च्या दुरुस्तीत यादी अजून वाढली. "मी विद्यार्थिनी आहे" म्हणून वनखातं सोडत नाही.

केपटाऊनला_सध्या:
मोसेल बेबद्दल आधी विचारून घे की हल्ली पांढरे शार्क किती दिसतात. तिथून पश्चिमेला गन्सबायला २०१७ मध्ये ऑर्कांनी, म्हणजे किलर व्हेलनी, पांढऱ्या शार्कना मारून यकृत तेवढं खाल्लं, आणि नंतर शार्क तिथून निघूनच गेले. जाहिरातीतले फोटो मात्र जुनेच फिरतात.

पण पैसे भरावे लागले म्हणजे फसवणूकच, असं नाही हं भाऊ. बहामाजमध्ये बिमिनीला सॅम्युअल ग्रुबर यांनी १९९० मध्ये काढलेलं केंद्र आहे. तिथेही स्वयंसेवक खर्च भरतात, भांडी घासतात, पण खारफुटीतल्या लेमन शार्कच्या पिल्लांना खुणा लावायचं काम खरं असतं. मोठ्या झालेल्या माद्या जिथे जन्मल्या तिथेच पिल्लं द्यायला परततात, हे वर्षानुवर्षं खुणा लावताना घेतलेल्या डीएनए नमुन्यांमधूनच कळलं. म्हणून एकच प्रश्न विचार: आधीच्या इंटर्नांनी गोळा केलेली माहिती कुठल्या पेपरात आली? उत्तर गोलगोल आलं तर समजून जा.

विहिरीतली_पोहणारी:
खूप आभार. पप्पा एकदम खूश. आईचं मात्र वेगळंच: "मासळी बाजारात उभं राहायला एवढं शिकवलं का?" आणि ताई, बंदरावर मुलींनी एकटीने जाणं ठीक असतं का?

मोरीमटण:
बंदरावर निम्मं काम बायकाच करतात गो. लिलावाला त्या, कापायला त्या, उधारी वसूल करायलाही त्याच. पहिले दोन दिवस कुणाच्या तरी ओळखीने जा, मग त्याच तुला चहा पाजतील आणि लग्नाचंही विचारतील. आईला सोबत घेऊन ये. मोरीचं, म्हणजे मुशीचंच, मटण करून घालते, मग बघू काय म्हणते.

डायव्हिंग आत्ता नको, विहिरीतलं पोहणं बास. गमबूट मात्र घे. जेटीवर शेवाळ असतं आणि चपलेने माणूस सरळ पाण्यात जातो. मेलचा मसुदा इथे टाक, शनिवारी बघते. या आठवड्यात बोटी उशिरा लागतायत.