गोदाम व कारखान्यातील नोकरीसाठी बायोडेटा : ठेकेदाराकडील अनुभव कसा लिहावा?

प्रश्न (तासगाव)

नमस्कार. मी आयटीआय टर्नर (लेथवर काम करणारा) आहे. कुपवाड एमआयडीसीतील एका वर्कशॉपमध्ये दोन वर्षे सीएनसीवर (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनवर) काम केल्यानंतर सध्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये मालाची आवक-जावक पाहतो. दोन्हीकडे ठेकेदारामार्फत असल्याने अनुभवाचा दाखला नाही. शिरवळ किंवा साताऱ्याकडील कंपन्यांत अर्ज करायचा आहे. बायोडेटात काय लिहावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (सातारा)

उत्पादन विभागात असताना मी असे अनेक अर्ज वाचले आहेत. ‘मेहनती व प्रामाणिक’ ही ओळ जवळजवळ प्रत्येकात असते, पण तिच्यावरून उमेदवाराच्या हाती मशीन द्यावे की नाही हे ठरवता येत नाही. त्याऐवजी मशीन कोणते, कंट्रोल (मशीन चालवणारी संगणक प्रणाली) कोणता, जॉब (मशीनवर घडवायचे भाग) कोणत्या धातूचे, ड्रॉइंग स्वतः वाचता येते का, मापे ०.०२ मिलिमीटरच्या व्हर्निअरवरच घेत होतात की ०.०१ च्या मायक्रोमीटरवरही, हे लिहा. आपण केवळ जॉब लावून ऑफसेट (मापातील लहान दुरुस्ती) देत होतात की टूल सेटिंगही (कापणारी हत्यारे बसवून जुळवणे) करत होतात, हे तर स्पष्ट असलेच पाहिजे. ऑपरेटर आणि सेटर या जागा वेगळ्या आहेत आणि ट्रेड टेस्टमध्ये (प्रत्यक्ष कामाच्या चाचणीत) तो फरक लगेच उघड होतो.

प्रतिसाद (मिरज)

ठेकेदाराकडचे काम लपवू नका. प्रत्यक्ष काम जिथे केले त्या कारखान्याचे नाव लिहून पुढे ‘अमुक ठेकेदारामार्फत’ अशी नोंद करा. पीएफ कापला जात असेल, तर पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या संकेतस्थळावर यूएएन (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) वापरून सेवेचा तपशील पाहता येतो. तेथील रुजू झाल्याच्या व सोडल्याच्या तारखा बायोडेटाशी जुळल्या पाहिजेत, कारण पडताळणी त्यावरूनच होऊ शकते. आधार, यूएएन किंवा बँक खात्याचा क्रमांक मात्र बायोडेटात छापू नये.

प्रश्नकर्ता

धन्यवाद. वर्कशॉपमध्ये पीएफ कापला जात होता. बेदाण्याचे काम शेतमालाचे आहे. ते लिहावे का?

प्रतिसाद (सांगली)

अवश्य लिहा. प्रत्येक शेतकऱ्याचा लॉट वेगळा ठेवणे, वजनाची नोंद, चलन तपासणे, शिल्लक साठा वहीशी किंवा संगणकाशी ताडून पाहणे, ही कामे सुट्या भागांच्या स्टोअरमध्येही करावी लागतात, आणि शेतकऱ्याचे वर्षभराचे पीक ज्याच्या नोंदीवर सांभाळले जाते, त्याच्या कामाला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. एक फरक मात्र मुलाखतीपूर्वी समजून घ्या : कोल्ड स्टोअरेजमध्ये माल मालकाच्या सांगण्यावरून बाहेर निघतो, तर कारखान्याच्या स्टोअरमध्ये सहसा आधी आलेला माल आधी दिला जातो. फोर्कलिफ्टचे रीतसर प्रशिक्षण घेतले असेल तरच त्याचा उल्लेख करा. टर्नरच्या जागेसाठी सीएनसीचा अनुभव वर आणि स्टोअरच्या जागेसाठी कोल्ड स्टोअरेजचा वर, अशा एकेक पानाच्या दोन प्रती तयार ठेवा. तिन्ही शिफ्टची तयारी असल्यास तेही दोन्हींत नमूद करा.