एक दिवसाचं पिल्लू: कोंबडा की तलंग?

प्रश्न (दारव्हा, यवतमाळ):
ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या ५ प्लायमाउथ रॉक कोंबड्या आहेत. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची आहेत. पिल्लांतले नर-मादी पहिल्याच दिवशी ओळखता येतील का?

उत्तर १:
येतील भाऊ, जोडी अगदी बरोबर आहे. पट्ट्यांचा जनुक झेड या नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो. कोंबडीकडे झेड एकच, तो ती फक्त नर पिल्लांना देते. म्हणून नर काळा, डोक्यावर पांढरा ठिपका. मादीचं डोकं पूर्ण काळं. पोटाखालचा पांढरेपणा धरू नका, तो दोघांतही दिसतो. पिल्लू वाळलं की उन्हाच्या उजेडात पाहा आणि लगेच पायात रंगीत कडी घाला. पाय जाड होतो तशी ती बदलावी लागते, नाहीतर रुतते.
कळपात दुसरा कोंबडा फिरत होता का? मग त्याला काढल्यावर ३ आठवडे अंडी बसवू नका. कोंबडीच्या पोटात त्या कोंबड्याचं बीज तेवढे दिवस टिकू शकतं.

प्रश्नकर्ता:
कोंबडा पट्टेवाला आणि कोंबड्या लाल, असं केलं तर?

उत्तर २:
मग नर-मादी सगळीच पट्टेवाली, ओळख गेली. पहिल्या जोडीची पिल्लं आपसात लावली तरी तेच, दोन्हींत पट्टे येतात. दरवेळी मूळ जोडीच हवी. पांढरा लेगहॉर्न कोंबडाही नको दादा, त्याचा पांढरा रंग सगळं झाकतो.
गावरान पिल्लांत पंखाच्या पिसांवरून अंदाज बांधू नका. नराचा तुरा ५-६ आठवड्यांनी लाल व्हायला लागतो, तोवर थांबा.