इंदूरच्या आकड्यांनी झाबुआ झाकू नका

काही जण म्हणतात की इंदूर सुधारलं, आता शेजारचे जिल्हेही आपोआप वर येतील. मला हे अजिबात पटत नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात बहुआयामी गरिबी (म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतली वंचना) इंदूर जिल्ह्यात सुमारे 11 टक्के, आणि आपल्याच इंदूर संभागातल्या (महसुली विभागातल्या) अलीराजपूर जिल्ह्यात 71! (पाहणी 2015-16 ची, पण दरी तर बघा.) नर्मदेचं पाणी खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून पंपांनी घाट चढवून इंदूरला आणलं, 1978 पासून आपण ते पितोय. त्यासाठी शहर रस्त्यावर उतरलं होतं; म्हणजे इंदूरलाही काही आपोआप मिळालं नाही. झाबुआ जिल्ह्याच्या फलियांतला (पाड्यांतला) माणूस मात्र आजार वाढला की अजून इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयाचीच वाट धरतो. तिकडे तज्ज्ञ डॉक्टर टिकावेत म्हणून घरं, शाळा, जादा पगार आधी द्या. आपला पुढचा उड्डाणपूल थांबला तरी चालेल.