मदत हवी आहे: परदेशातील विवाहनोंदणीसाठी कागदपत्रे कोणत्या क्रमाने करावीत?

नमस्कार. माझा विवाह माझ्या होणाऱ्या पतीच्या देशात नोंदणी पद्धतीने होणार असून, त्यासाठीच्या कागदपत्रांबाबत अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

जन्मदाखला, पासपोर्ट आणि विवाहास कायदेशीर अडथळा नसल्याचे प्रमाणपत्र, एवढी यादी स्पष्ट आहे. अडचण आहे ती क्रमाची. दोन्ही देश १९६१ च्या हेग करारात सामील असल्याने वकिलातीच्या साक्षांकनाऐवजी अपॉस्टिल (कागदपत्रावरील सही-शिक्का खरा असल्याचे, करारातील देशांत चालणारे सरकारी प्रमाणपत्र) पुरेसे ठरते. परंतु अधिकृत भाषांतर अपॉस्टिलच्या आधी करून घ्यावे की नंतर? नंतर केल्यास अपॉस्टिलवरील मजकुराचेही भाषांतर होते, म्हणून मला तेच सयुक्तिक वाटते. मात्र भाषांतर आपल्याच देशात केले, तर त्यावर वेगळे अपॉस्टिल मागतात का?

मला अधिक काळजी वाटते ती नावाची. माझ्या जन्मदाखल्यावर फक्त पहिले नाव आणि आडनाव आहे, तर पासपोर्टवर वडिलांचे नावही आहे. अशा वेळी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र परदेशी निबंधक स्वीकारतात, की मूळ दाखल्यातच दुरुस्ती करून घेणे श्रेयस्कर? दुरुस्तीला वेळ लागतो, आणि अडथळा नसल्याचे प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी काही महिनेच ग्राह्य धरतात, त्यामुळे ते सर्वांत शेवटी काढण्याचा विचार आहे.

उत्तर देताना कृपया देशाचे नाव आणि साल आवर्जून लिहावे, कारण हे नियम देशागणिक वेगळे असतात आणि बदलतही राहतात.