मदत हवी आहे: वास्तुशांतीत आहेर आलेली शिल्पं घरात कुठे मांडू? (नागपूर, २ बीएचके)

बेसाकर_ऋता

नमस्कार मंडळी,

बेसा भागात फ्लॅट घेतला, वास्तुशांत झाली, आणि आहेरात इतकं पितळ आलं की दिवाणाच्या पेटीत गाद्या ठेवायला जागा उरली नाही. पाहुणे येतात, पेटीत डोकावतात आणि प्रत्येक जण वेगळी दिशा सांगून जातो. माझं डोकं पार भंजाळलंय.

पितळी कासव आहे, खाली काचेची वाटी, पाणी भरायला. सोंड वर केलेल्या हत्तींची जोडी. फूटभर उंच नटराज, चांगलाच जड. सात घोड्यांचं रेझिनचं शिल्प. नवऱ्याच्या मित्राने दिलेली ध्यानस्थ बुद्धमूर्ती. आणि मामेसासऱ्यांनी दिलेलं लाकडी कीर्तिमुख, म्हणजे देवळांवर कोरलेलं असतं ते उग्र तोंड, जे मला सगळ्यात जास्त आवडलंय, पण आमच्या लेकीला त्याची भीती वाटते.

घर असं: मुख्य दार पूर्वेला, स्वयंपाकघर आग्नेयेला (एवढं एकच बिल्डरने धड केलं), देवघर तिथल्याच कोपऱ्यात, आणि ईशान्येला बाथरूम. उत्तरेच्या खिडकीत कूलर.

सासूबाई म्हणतात नटराज घरात नकोच, भांडणं लागतात. नणंद म्हणते कासव उत्तरेलाच, पाण्यातच. एका सल्लागारांना बोलावलं, तर त्यांनी ईशान्येच्या दोषावर तांब्याचे पिरॅमिड सांगितले आणि जाताना त्यांचं दरपत्रकही ठेवून गेले. पिरॅमिड त्यांच्याकडेच मिळतात.

मी फार कट्टर नाही. पण सासूबाईंची श्रद्धा आहे आणि घर त्यांचंही आहे, तेव्हा 'सगळं थोतांड आहे, द्या भंगारात' हे उत्तर कृपया नको. यातलं परंपरेत खरंच काय आहे आणि दुकानातून काय आलंय, एवढं कुणी नीट सांगेल का?

शिल्पवेडा

ऋताताई, दिशा पाहण्याआधी एक ठरवा: यातलं पूजेचं काय आणि शोभेचं काय. निम्मा घोळ इथेच मिटतो. मत्स्यपुराणात घरच्या पूजेची प्रतिमा अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंत, त्याहून मोठी नको, असं सांगितलंय. तुमचा फूटभर नटराज देवघरात जातच नाही. प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, म्हणजे ते शिल्प. शिल्पासारखंच मांडा, फक्त मान ठेवून: जमिनीवर नको, चपलांजवळ नको.

भांडणांचं म्हणाल तर सासूबाईंना मूर्ती जवळून दाखवा. उजव्या पायाखाली जो बुटका चिरडला जातोय तो अपस्मार, म्हणजे अज्ञान. पुढचा उजवा हात अभयमुद्रेत आहे. 'भिऊ नका' म्हणणारा देव घरात भांडणं कशाला लावेल? 'दक्षिणेकडे तोंड नको' असंही कुणीतरी सांगेलच. चिदंबरमचा नटराज दक्षिणाभिमुखच आहे. वास्तूचा जुना संकेत इतकाच की ईशान्य हलकी आणि मोकळी, नैऋत्य जड. वास्तुपुरुषाचं डोकं ईशान्येला, पाय नैऋत्येला. तेव्हा जड नटराज हॉलच्या नैऋत्य बाजूला, भक्कम कोनाड्यात.

कासव आपलंच आहे. आपल्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर असतं, आणि गर्भगृहाच्या पायाभरणीत कूर्मशिला, म्हणजे कासव कोरलेला दगड. पण उत्तर दिशा, पाणी आणि कासव ही जोडी फेंगशुईची. चिनी परंपरेत उत्तरेचं तत्त्व पाणी आणि रक्षक काळं कासव. नणंदेला वाईट वाटू नये म्हणून उत्तरेला ठेवलंत तरी बिघडत नाही, पण त्याला वास्तुशास्त्र म्हणू नका.

कीर्तिमुखाची मात्र जागा पक्की: दारावर, बाहेर पाहणारं. त्याने शिवाच्या आज्ञेवरून स्वतःचंच शरीर खाल्लं, उरलं फक्त तोंड, म्हणून शिवाने त्याला दाराशी मान दिला. लेकीला ही गोष्ट सांगा, भीती जाईल. मुलांना असलं फार आवडतं.

सात घोडे सूर्याच्या रथाचे. मूर्तीत ते सूर्याच्या पायाशी, बैठकीवर असतात. सूर्याशिवाय नुसते उधळलेले घोडे ही अलीकडची सजावट. लावायचेच तर पूर्वेच्या भिंतीवर. हत्ती दाराशी जोडीने, आणि सोंडेच्या वर-खालीची चिंता सोडा. गजलक्ष्मीतले हत्ती अभिषेक करतात म्हणून त्यांची सोंड वर असते, बस.

आणि ते पिरॅमिड. बृहत्संहिता या जुन्या संस्कृत ग्रंथातला वास्तुविद्येचा अध्याय काढून बघा. पदांची (जागेच्या चौकटींची) मांडणी, दारं, अंगणातली झाडं, सगळं आहे. पिरॅमिड नाही.

ठेचाभाकर

शिल्पवेडा भाऊंनी सगळं सांगितलंच. पण ताई, ते वाटीतलं पाणी रोज बदलवा हो. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात दुपारपर्यंत वाटी आटून जाते, अन् पावसाळ्यात विसरले की आठवड्यात अळ्या. आधीच कूलरच्या टाकीनं जीव काढला असते, त्यात हे कासव कशाले? माह्यं म्हणाल तर कोरडंच ठेवा.

धम्मसखी

बुद्धमूर्तीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडे ती शोभेची वस्तू नाही. दीक्षाभूमीच्या गावात हे वेगळं सांगायला नको, तरी दाराशी चपलांच्या रॅकवर किंवा कारंज्याखाली ठेवलेली मूर्ती पाहिली की आत कुठेतरी तुटतं. तुमच्या मित्राने ती मनापासून दिली असेल. डोळ्यांच्या उंचीवर, स्वच्छ, शांत जागी ठेवा. दिशेचं बंधन आम्ही पाळत नाही. आमच्या घरी ती पुस्तकांच्या कपाटावर, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आहे. आणि 'लाफिंग बुद्धा' म्हणून विकतात तो वेगळा, चिनी लोककथेतला बुदाई भिक्खू. तथागतांशी त्याची गल्लत करू नका.

बेसाकर_ऋता

सगळ्यांचे खूप आभार. धम्मसखी, बरं झालं लिहिलंत. आम्ही ती टीव्हीखालच्या खणात ठेवणार होतो. आता अभ्यासाच्या टेबलावरच्या फळीवर ठेवते, तिथे लेक रोज बसते.

कीर्तिमुखाची गोष्ट सांगून झाली. आता ती विचारतेय, त्याने आधी शेपूट खाल्ली की पाय?

एकच राहिलं. नैऋत्य नक्की कुठे? मोबाईलचं होकायंत्र हॉलमध्ये एक दाखवतं, गॅलरीत दुसरं.

शिल्पवेडा

लोखंडी कपाट, फ्रिज, इन्व्हर्टर, कूलरची मोटर, खिडकीच्या जाळ्या, सगळे काटा फिरवतात. स्लॅबमधल्या सळ्यासुद्धा. मोबाईलचं मागचं चुंबकी कव्हर काढा, इमारतीखाली उतरून मोकळ्या जागी उभं राहा आणि पुढच्या भिंतीची दिशा बघा. ती घराच्या नकाशावर लिहून ठेवा, मग आत होकायंत्र लागणारच नाही. पितळेने काही फरक पडत नाही, त्यामुळे नटराज निर्दोष.

आधी पाय.