अनुभव धागा : 'आपण इथे चुकून तर आलो नाही ना?'

वैदर्भीण (धागाकर्ती)

नोकरी लागते, बढती मिळते, घरचे पेढे वाटतात आणि आपल्या पोटात मात्र गोळा. आता कोणाच्या तरी लक्षात येणार, हिला काहीच येत नाही! इंपोस्टर सिंड्रोम हे नाव हल्ली इन्स्टावर रोज दिसतं, पण विषय जुना आहे. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये त्यावर लेख लिहिला होता. त्यांनी पाहिलेल्या बायका चांगल्या शिकलेल्या, हुद्द्यावरच्या. तरी यशाचं श्रेय नशिबाला द्यायच्या. काहींना तर प्रवेश समितीच्या चुकीने आपल्याला ॲडमिशन मिळाली असं वाटायचं.

आपल्याकडे विदर्भात त्यात पुण्या-मुंबईची भर. तिथल्या माणसासमोर 'मी करून राहिलो' तोंडून गेलं की निम्मा आत्मविश्वास जागीच खलास.

सल्ले नकोत. 'स्वतःवर विश्वास ठेवा' आपण सगळ्यांनी ऑटोच्या मागे वाचलेलं आहे. प्रत्यक्ष काय घडलं ते लिहा. भीती गेली नसेल तर तेही लिहा.

जेआर_ताई

नागपुरातच बालरोग विभागात रेसिडेन्सी करते आहे. सीट शेवटच्या फेरीत मिळाली, त्यामुळे कोणीतरी सोडली म्हणून आपण आलो हे डोक्यात पक्कं. त्यात एका सीनियरने राउंडला सगळ्यांसमोर विचारलं, 'तुला सीट दिली कोणी?'

फर्स्ट इयरला खरी परीक्षा पुस्तकाची नसते, इंट्राकॅथची, म्हणजे सलाइनसाठी शिरेत घालायच्या सुईची असते. जुलाबाने सुकलेलं बाळ, शिरा बसलेल्या, हातात बारीक पिवळा इंट्राकॅथ, आणि बाळाची आई आपल्या तोंडाकडे बघतेय. बाळाकडे नाही, आपल्या तोंडाकडे. एका नाइटला असंच चाललं होतं. सिस्टर काही न बोलता आल्या, वॉर्डातला दिवा घालवला आणि बाळाच्या तळहाताखाली टॉर्च धरला. पंजा लालबुंद उजळला आणि त्यात शीर काळ्या रेघेसारखी दिसली. आत शिरले, रक्त आलं, चिकटपट्टी लावली.

त्याने आत्मविश्वास आला नाही, खोटं कशाला बोलू. मला तो सिस्टरांचाच पराक्रम वाटला. फरक नंतर पडला. बाजूच्या वॉर्डातून रात्री निरोप यायला लागले, 'त्या टॉर्चवाल्या मॅडमला पाठवा.' कौतुक करायला कोणी बोलवत नव्हतं, काम अडलं म्हणून बोलवत होते. ते मात्र खोटं मानता येईना.

आता एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात पोस्टिंग आहे. पोटातला गोळा पुन्हा हजर.

इतवारीचे_काका

आमच्या काळी असलं काही नव्हतं. वडिलांनी दुकानात बसवलं, बसलो. गिऱ्हाईक आलं, भाव सांगितला.

वैदर्भीण

काका, पहिल्या दिवशी भाव सांगताना आवाज कसा निघाला होता?

इतवारीचे_काका

वडील मागे बसले होते म्हणून निघाला. थांबा, विचार करतो.

काळ्या_कोटातला

मी यवतमाळ जिल्ह्यातला. बारावीपर्यंत मराठी माध्यम. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात ज्युनियर म्हणून उभा राहिलो तेव्हा कायद्याची भीती नव्हती, इंग्रजीची होती. सीनियर म्हणाले, फक्त तारीख मागून घे. तेवढं एक वाक्य कोर्टाचा सिव्हिल लाइन्स भाग येईपर्यंत घोकलं. कोर्टाने उलट विचारलं, नोटीस बजावली का? फाइल हातात होती, पान सापडेना.

मग स्वतःचं मॅटर नसलं तरी मागच्या बाकावर बसून बोर्ड, म्हणजे त्या दिवशीची प्रकरणं ऐकायला लागलो. ज्यांच्या नावाने ज्युनियर थरथरतात तेही अडकतात, हे तिथे बसल्यावर दिसलं. पासओव्हर मागतात, म्हणजे प्रकरण थोड्या वेळाने घ्या म्हणतात, बाहेर जाऊन अशिलाला विचारतात, परत येऊन शांतपणे बोलतात. इंग्रजी त्यांचंही वऱ्हाडी ठसक्याचंच, पण फाइल पाठ. तेव्हापासून मी ॲक्सेंटची काळजी सोडली आणि फाइलला चिठ्ठ्या लावायला लागलो : नोटीस पिवळी, आदेश लाल, शपथपत्र हिरवं.

पण एक बोलू द्या. सगळंच आपल्या डोक्यात नसतं. पहिल्या वर्षी गाव आणि आडनाव विचारून झाल्यावर काही जणांनी माझ्याशी बोलणंच सोडलं. तिथे परकं वाटलं तो माझ्या मनाचा खेळ नव्हता. त्याला इंपोस्टर सिंड्रोम म्हणून माझ्याच गळ्यात घालू नका.

समुपदेशक_धरमपेठ

भाऊंच्या शेवटच्या मुद्द्याला माझं अनुमोदन. हा काही आजार नाही, मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत तो सापडणार नाही. त्यामुळे दर वेळी माणसालाच दुरुस्त करायला निघू नये. कधी ऑफिस दुरुस्त करावं लागतं.

दुसरं. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलं की 'हे मला जमेल' ही खात्री चार वाटांनी येते. स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्या कोणाला तरी करताना पाहिल्याने, कोणी भरवसा दिल्याने, आणि छातीतली धडधड आपण कशी घेतो त्यावरून. सगळ्यांत पक्की पहिली. जेआरताईंच्या रात्रीच्या ड्यूट्या तिथल्या, भाऊंचा मागचा बाक दुसऱ्या वाटेवरचा. नुसतं 'तू हुशार आहेस गं' ऐकून संध्याकाळपर्यंत बरं वाटतं, मग उतरतं.

झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र अनुभव वाचत बसू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

मिहानवाला_पोट्टा

सगळे सांगतात, केलेल्या कामांची यादी ठेव. ठेवली. वाचली की वाटतं, हे तर कोणीही केलं असतं! माझ्यासाठी फेल. त्यापेक्षा नवीन जॉइन झालेल्या पोट्ट्याला सिस्टम समजावून सांगायला बसवलं, ते कामी आलं. तो विचारत गेला, मी सांगत गेलो, आणि जेवायची वेळ टळून गेली. आपल्याला एवढं येतं हे मलाच माहीत नव्हतं बावा.

मटक्यावरची_पोळी

मुलगी टाइप करून देऊन राहिली आहे. मी नागपूरच्या महाल भागात राहते, लग्नाकार्याच्या ऑर्डरी घेते. लांब पोळ्या, उपड्या मटक्यावरच्या. एका कॉलेजातून बोलावणं आलं, हॉटेलचं शिकणाऱ्या मुलांना दाखवा म्हणून. माझं शिक्षण आठवी. रात्रभर वाटलं, तिथे मास्तर पाहिजे, मी काय सांगू?

कणीक घरूनच नेली. ती पाणी लावून-लावून, आपटून इतकी सैल व्हावी लागते की हातातून ओघळली पाहिजे. पांढऱ्या टोप्या घातलेली मुलं पुढे आली. पहिल्याची मनगटापर्यंत येऊन फाटली, दुसऱ्याची खाली पडली. मी दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत नेली आणि मटक्यावर टाकली, तर सगळ्यांनी मोबाइल काढले.

तिथे धीर आला, पण मानधन किती विचारलं तेव्हा तोंडून निघालं, 'द्या काय द्यायचं ते.' मुलगी घरी येऊन भांडली. आता ऑर्डरीचा भाव तीच फोनवर सांगते. लग्नसराईत तिने भाव वाढवला, एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. तरी माझ्यावर पाळी आली की जीभ जड होते.

इतवारीचे_काका

ताई, भाव सांगायचा आणि गप्प बसायचं. 'पण बघा, तुम्हाला परवडलं पाहिजे' वगैरे आपणच बोलायला लागलो की भाव उतरतो. पुढचं वाक्य गिऱ्हाइकाचं असतं, ते त्याला बोलू द्यायचं. मला हे कळायला बरीच वर्षं लागली, आधी लिहिलं ते तेवढं खरं नव्हतं.

मटक्यावरची_पोळी

काका, उद्या एक पार्टी येऊन राहिली आहे बारशाच्या ऑर्डरीसाठी. मुलगी कॉलेजात असेल. शेकड्याचा भाव मीच सांगीन म्हणते.